बाराव्या पानावरचा बोर्ड

३ फेब्रुवारी

वही पाठवायची होती तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवायची एवढी अक्कल नव्हती का? चारही कोपरे भिजून आले. सातवं आणि आठवं पान असं चिकटलं होतं की कात्रीचं पातं घालून मला ते सुटं करावं लागलं. सातव्यावरच्या बाईचं नाक आता आठव्यावरच्या बसच्या टपावर आहे. पुन्हा अशी पाठवलीस तर पोस्टमनला तशीच परत घेऊन जायला सांगेन.

टिपकागदा, आता आशीर्वाद. बापाच्या दुकानात सांडलेला रंग फ्रॉकने टिपायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता पूल तपासणाऱ्यांच्या टोळीत गेलीस, गावोगाव हिंडून भेगा मोजतेस, तरी ते काही सुटायचं नाही.

वही बघितली. चौथ्या पानावर पुलाची कमान डावीकडे बसलीय. असा पूल असता तर तुम्हाला तपासायला बोलावलंच नसतं, तो आपणहून पडला असता. नवव्या पानावर म्हातारा चहा पितोय, पण खुर्चीवर त्याचं वजन नाही. बसलेला माणूस खुर्चीला दाबतो. तुझा लटकतोय. अकरावं ठीक.

तू मला चौकटींची वही पाठवलीस आणि वर फर्मान, की आजी, तूही रोज समोर दिसेल ते काढ. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. शिवणाच्या कारखान्यात चाळीस वर्षं कापड कापलं, ते खडूने. खडूने मी सरळ रेघ मारते, मुंढ्याची गोलाई मारते, त्यापलीकडे मला काही येत नाही. पण वही वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून काढलं. खिडकीतून वाळत घातलेले कपडे दिसतात. तुझ्या बापाचा निळा शर्ट काढलाय. एका चौकटीला एक इंच धरला आहे, म्हणजे उगाच अंदाजपंचे नको. पान फाडून सोबत ठेवलंय.

तुझा बाप बरा आहे. दुकान बंदच असतं. छापील बोर्ड आल्यापासून हाताने रंगवलेला कोणाला नको. तुझा विषय मी काढत नाही, तो काढत नाही. दोन वर्षं झाली, तसंच चाललंय.

फोन करू नकोस. माझे कान गेलेत आणि तो उचलत नाही.

आजी

१७ फेब्रुवारी

आजी,

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. खुर्चीवरचं वजन! आमच्या साहेबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, या बाईंना आपल्या टोळीत घ्या. तुझी नजर अशी आहे हे मला एवढी वर्षं कसं कळलं नाही? कमान मी परत जाऊन बघितली. खरंच डावीकडे बसवली होती.

शर्ट ओळखला. उजव्या बाहीवर पांढऱ्या रंगाचा डाग आहे, तोही तू काढलास. कसला देखणा काढलायस! मी तो भिंतीला लावलाय. इथे आम्ही एका बंद शाळेत राहतो, फळ्याच्या वर खिळा आहे, तिथे.

बाबांचा राग अजून आहे का? मला माहीत आहे, मी बोलले ते वाईट होतं. पण त्यांनीही मला थांबवताना काय काय म्हटलं. मी येईन, आजी, पण त्यांनी एकदा तरी म्हणावं ना, की ये.

दुसरी वही पाठवतेय. तीनदा गुंडाळली आहे. आता बोल.

तुझी टिपकागद

१० मार्च

तीनदा गुंडाळलीस आणि वर एवढी चिकटपट्टी की उघडताना माझं नख गेलं. तुझं सगळं असंच, एकतर काहीच नाही नाहीतर ढीगभर.

दुसरी वही पहिलीपेक्षा बरी. तिसऱ्या पानावर नदीतलं पाणी गोठलेलं दिसतं. पाणी वाहतं तेव्हा त्यातल्या रेघा एकमेकींना ओळखत नाहीत, तुझ्या सगळ्या हातात हात घालून चालल्यात. सहावं पान, कामगार जेवताहेत, त्यातल्या तिसऱ्याला हात तीन आहेत. मोज.

बाराव्या पानावर गावातला रस्ता आहे, त्यात कोपऱ्यावरच्या दुकानावर बोर्ड आहे. तो बोर्ड कोणी रंगवला ते विचारून कळव. हाताने रंगवलेला आहे, आणि शेवटच्या अक्षराचं शेपूट त्याने ओढून पहिल्याच्या खाली नेलंय. असं करायला हात लागतो. विसरू नकोस.

तुझी ती बंद शाळा कशी आहे ते पुढच्या वहीत काढ. आत कुठे झोपतेस, पाणी कुठून आणतेस, तेही काढ. लिहू नकोस, तुझं अक्षर मला लागत नाही.

माझ्या वहीची दोन पानं पाठवतेय. दोन्हीवर तोच शर्ट आहे. मला दोरीवर दुसरं काही बघण्यासारखं दिसत नाही. तारखा खाली घातल्यात. नीट बघ.

तुझा बाप बरा आहे. राग आहे की नाही ते मी विचारलं नाही, असल्या गोष्टी मी विचारत नाही. घरात असतो. बाहेरच्या खोलीत खाट आणून टाकली आहे, तिथे उजेड चांगला येतो.

आजी

२ एप्रिल

आजी,

तिसरी वही सोबत आहे. शाळा काढली आहे. दुसऱ्या पानावर जिथे गादी आहे तिथे मी झोपते. चौदाव्या पानावरची बाई आमच्यासाठी चादरी धुते आणि घड्या घालते. तिला कळू न देता काढली.

तीन हात खरेच होते! मी तो एक हात खोडला आणि आता तिथे एक राखाडी ढग आहे. पण आजी, बोर्डाचं काय घेऊन बसलीस? मी त्या पानात किती मेहनतीने दुकानाची पायरी काढली आहे, पायरीवर झिजलेला दगड आहे, त्यावर सावली आहे, आणि तू अक्षरांकडे बघतेस. तो रस्ता आता मागे राहिला, आमचं काम पुढे सरकलं. परत त्या बाजूला गेलो तर बघेन.

एक विचारू? रागावू नकोस. तुझे तिन्ही शर्ट मी भिंतीवर ओळीने लावले, आणि आमच्यातले सगळे हसले. शर्ट प्रत्येक वेळी बारीक होत चाललाय! पाण्यात आटला की तुझा हात चुकायला लागला? चष्म्याचा नंबर बघून घे. बाबांना सांग तुला घेऊन जायला. तेवढं तरी करतील ना ते.

पुढचा मुक्काम नदीच्या वर आहे, तिकडे पोस्ट आठवड्याला एकदा जातं म्हणे.

तुझी टिपकागद

२० एप्रिल

माझा हात चुकत नाही.

चाळीस वर्षं मी कापड कापलं. एकाखाली एक पन्नास थर असायचे, वरचा चुकला की पन्नास शर्ट वाया. एक सूत इकडचं तिकडे झालं नाही. कारखान्यातल्या मास्तरांनी माझ्या कापावर पुन्हा टेप लावली नाही. आणि तू, तीन हातांची माणसं काढणारी, मला चष्मा बदलायला सांगतेस, वर चार लोकांना बोलावून हसतेस.

एका चौकटीला एक इंच, हे मी पहिल्या पत्रात लिहिलंय. मोजता येतं ना तुला? त्याचाच पगार घेतेस ना?

चौथा शर्ट सोबत ठेवलाय. मोज.

तिसऱ्या वहीबद्दल आता काही लिहीत नाही. तुझा बाप बरा आहे.

आजी

११ मे

आजी,

तुझं पत्र आज मिळालं. खालच्या मुक्कामावर पडून होतं, एकवीस दिवस.

मोजलं. एकवीस. एकोणीस. अठरा. सोळा.

शर्ट आटला तर बाह्याही आखूड होतात. बाह्या चारही ठिकाणी तेवढ्याच आहेत. आणि दोन्ही बाजूंना तू शिवणीच्या आत आणखी एक बारीक रेघ मारली आहेस. मला ती सावली वाटली होती.

आजी, तू तो शर्ट आत घेतेयस. अडीच महिन्यांत तीनदा आत घेतलास.

फोन केला. तू "कोण आहे, ऐकू येत नाही" म्हणून ठेवून दिलास. तीनदा. बाबांचा लागला नाही. गाडी उद्या सकाळी आहे, दोन दिवस लागतील. जीपवाला आज खाली चाललाय, त्याच्याजवळ हे देते, म्हणजे माझ्या आधी पोचेल. बाबांना काही विचारू नकोस. फक्त सांग की मी निघाले.

३० जून

आजी,

कामावर परत येऊन महिना झाला. पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू वाट बघशील आणि मग पोस्टमनला बोलशील, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

मी तुझ्या घरात ओरडले. त्याबद्दल माफी मागत नाही. तू तीन पत्रांत तीनदा लिहिलंस, बाप बरा आहे. कमानी आणि खुर्च्या यांबद्दल पानभर लिहिलंस आणि त्यांच्याबद्दल एक ओळ, तीही खोटी. फेब्रुवारीत कळलं असतं तर मी फेब्रुवारीत आले असते. एक दिवस, आजी. मला एक दिवस कमी पडला. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं, की मी दुकानात बोलले ते तसं नव्हतं. आता ते कोणाला म्हणू?

चित्रं बंद केली आहेत. पेन्सिली जीपवाल्याच्या मुलीला दिल्या. आता भेगा मोजते, आकडे लिहिते, जेवते. तुझ्याकडच्या तिन्ही वह्या ठेव किंवा टाक, मला नकोत.

१२ जुलै

पेन्सिली दिल्यास त्या परत माग. दिलेली वस्तू परत मागायला लाज वाटत असेल तर नव्या घे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना तू रडशील आणि मग हे राहून जाईल.

टिपकागदा, तू ओरडलीस ते बरोबर होतं. मी ऐकलं. कान गेलेत तरी तेवढं ऐकू आलं. पण तू ओरडून पाचव्या दिवशी तरातरा निघून गेलीस, आणि मी मधे बोलणारी बाई नाही, म्हणून सांगायचं ते राहिलं. आता लिहिते. हे पत्र लिहायला मला सहा दिवस लागलेत, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं. घशात होतं. घरी येऊन त्याने माझ्याकडून शब्द घेतला, की पोरीला सांगायचं नाही. म्हणाला, कीव करून आलेली मला नको, मनाने आली तर येऊ दे. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकाच कापडाचे. पण शब्द दिला. तोंडाने सांगणार नाही असा दिला होता. काढणार नाही असा नव्हता दिला. त्याच्या अंगात कपडा ढगळ झाला की मला बघवत नाही, म्हणून शर्ट आत घ्यायची, धुऊन दोरीवर टाकायची, आणि चौकटी मोजून तुझ्यासाठी काढायची. वाटलं, पुलाची केसाएवढी भेग सापडते हिला, हिला कळेल. तू हसलीस. तुझं पत्र वाचून मी कात्री फेकली. ती दाराला लागल्याची खूण अजून आहे.

शब्द मोडायला हवा होता. लिहिलं. पुन्हा विचारू नकोस.

आता दुसरं. कमान डावीकडे बसलीय, खुर्चीवर वजन नाही, पाण्याच्या रेघा, तीन हात. यातलं मला काय कळतं? कमान कशाला म्हणतात तेच मला त्याने सांगितलं. पहिली वही आली तेव्हा मी ती मुद्दाम खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून आत गेले. परत आले तर चष्मा लावून बघत होता. मला म्हणाला, "तिला लिही, कमान बसलीय." मी म्हटलं, तूच लिही. म्हणाला, "तुझ्या नावाने लिही." म्हणून माझ्या नावाने गेलं. तू माझ्या नजरेचं कौतुक केलंस ते मी त्याला वाचून दाखवलं. खोकला येईपर्यंत हसला.

मार्चमध्ये आवाज गेला. मग मी वही धरायची आणि तो ब्रशच्या दांड्याने पानावर टकटक करायचा, चूक असेल तिथे. मी नुसतं बघून काही समजत नसे, म्हणून माझा खडू दिला आणि मांडीवर काळ्या सुटाच्या कापडाचा एक तुकडा टाकला. त्यावर लिहायचा. पाण्याच्या रेघा एकमेकींना ओळखत नाहीत, हे त्याने असं लिहिलेलं आहे. मी नुसतं उतरवलं. कापड रोज झटकायचे, दुसऱ्या दिवशी लागायचं.

तिसरी वही त्याने एकोणीस पानांपर्यंत बघितली. तेव्हा मी तुझ्यावर रागावले होते म्हणून लिहिलं नाही, आता लिहिते. दुसऱ्या पानावर गादी भिंतीपासून सुटलीय. सातवं, दिवा दोन्हीकडून उजेड देतोय. दहावं, झाडं सगळी एका वयाची. चौदाव्या पानावर ती चादरीची घडी घालणारी बाई आली, तिथे त्याने टकटक केली नाही. मी थांबले. पान उलटायला गेले तर हात ठेवला पानावर. उलटू दिलं नाही. माझा हात अवघडला तरी तसाच. एवढंच. चांगलं म्हणायची त्याला सवय नव्हती हे तुला माहीत आहे.

विसाव्या पानापासून पुढे कोणी बघितलेलं नाही. त्यातल्या चुका तुझ्या तू काढायच्या.

तुझं जीपवाल्याकडे दिलेलं पत्र तू आल्यावर दोन दिवसांनी आलं. मी ते उघडलं नव्हतं, परवा उघडलं. त्याला सांग म्हणून लिहिलंयस, ते सांगता आलं नाही. तो तू यायच्या आदल्या दुपारी गेला. शर्ट तोच होता अंगात, पाचव्यांदा वहीत काढायला मला वेळ झाला नाही. तू आलीस तोवर मी खोली धुऊन काढली होती. काही केल्याशिवाय मला बसता येत नाही, आणि तू त्यावरही ओरडलीस.

आता शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जड जातंय. दुसऱ्या वहीतल्या बाराव्या पानावरचा बोर्ड. तो प्रश्न त्याचा होता. ते पान आलं तेव्हा त्याने मला खिडकी पूर्ण उघडायला लावली. भिंग मागितलं. मग कापडावर लिहिलं, "हा हात कोणाचा?" त्याला वाटलं होतं, असा बोर्ड रंगवणारा आता जगात कोणी राहिलेला नाही. आणि तू तुझ्या वहीत, न बघता, ते शेपूट जसंच्या तसं उतरवलं होतंस. न बघता, म्हणजे हातात होतं तुझ्या. कोणाकडून आलं ते तुला सांगायला नको.

मग तुझं पत्र आलं, बोर्डाचं काय घेऊन बसलीस. दोन वर्षांपूर्वी दुकानात त्याला म्हणाली होतीस, "बाबा, तुम्ही अक्षरं भरता, त्याला चित्र म्हणत नाहीत." हे त्याचंच धाकटं भावंड होतं. पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या ओळीपाशी आले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मापात फसवलं. वाचलं, "आजी, बोर्ड कोणी रंगवला ते विचारते आणि कळवते."

त्याला ते खरं वाटलं. रोज पोस्टमनच्या वेळेला मान दाराकडे करायचा. शेवटच्या दिवशीही केली. मी म्हटलं, आज नाही आलं. तर खडू मागितला आणि लिहिलं, "लांब आहे. वेळ लागेल."

तुझी बाजू घेत होता, बये. समजतंय ना?

तो शब्द तेवढा मी झटकला नाही. कापड खुंटीला आहे. खडू आहे तो, किती दिवस राहणार, आत्ताच "वेळ" पुसट झालाय.

शर्ट उसवला आणि परत एकवीसचा केला. कशासाठी ते मलाही सांगता येत नाही. पार्सलने पाठवलाय, वह्यांसोबत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चित्रं काढताना घाल. तुला ढगळ होईल, होऊ दे, तो मी आत घेणार नाही. बाहीवर डाग आहेच, आणखी एकाने काही बिघडत नाही.

तू मागच्या पत्रात विचारलंयस, दुकानात बोललीस ते आता कोणाला म्हणू. मला म्हणू नकोस, माझ्याकडून त्याला पोचत नाही. सुट्टी काढ. बाराव्या पानावरच्या त्या गावात जा. दुकानदाराला विचार, बोर्ड रंगवणारा जिवंत असेल तर त्याच्या घरी जा, नसेल तर त्याच्या माणसांना भेट. त्याने ते शेपूट कसं ओढलं, एका दमात की दोन, ब्रश कोणता, सगळं विचार. आणि बोर्ड पुन्हा काढ, या वेळी बघून. पायरी नाही काढलीस तरी चालेल.

पाकिटावर तुझ्या बापाचं नाव घाल. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, त्या नावाचं आलं तर परत न्यायचं नाही. माझ्या नावाने आलं तर मी उघडणार नाही, आणि मी बोलते तसं करते. प्रश्न त्याने तुला विचारला होता, मला नाही. उत्तर तू द्यायचंस.

आजी